एका अक्षराचा आळ

नंदुरबारच्या सराफ बाजारामागून एक अरुंद बोळ जातो, त्या बोळात सलाउद्दीनचं दुकान. दुकान म्हणजे एक माणूस मांडी घालून बसेल आणि दुसरा उंबऱ्यावर टेकेल, एवढीच जागा. नवा दागिना घ्यायचा तो पुढच्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानांत. तो तुटला, त्याची कडी झिजली, चांदी काळी पडली की मग सलाउद्दीन. तो डाख देऊन तुटलेलं जोडायचा, कड्या बदलायचा, रिठ्याच्या पाण्यात घासून चांदी उजळून द्यायचा. बापाने हेच केलं होतं. सलाउद्दीनची साठी उलटली, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, तरी फुंकणी तोंडाला लावली की ज्योत पाहिजे तिथेच जायची.

त्याच्याकडे लोक चांदी ठेवून निर्धास्त जायचे. कुणी पावती मागितली नाही, त्याने कधी दिली नाही. असा सगळ्यात जुना माणूस म्हणजे कोरीटचा हिलाल पाटील. दोघांचे बाप एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे ह्या दोघांची ओळख कधी झाली हे दोघांनाही सांगता आलं नसतं. ईदला हिलाल शीरखुर्मा खायला हजर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिलालची बायको धनुबाई हिच्या हातच्या खापरावरच्या पुरणपोळ्यांचा डबा सलाउद्दीनच्या घरी. हिलाल त्याला भाई म्हणायचा, हा हिलालला आप्पा.

फाल्गुनाच्या तोंडाला धनुबाईने आपला हार हिलालबरोबर पाठवला. तिच्या सासूकडून आलेला, इंग्रजांच्या काळातल्या चांदीच्या रुपयांचा हार. कडेचे रुपये राजाछाप आणि मधोमध एक राणीछाप, सगळ्यांत झिजलेला. त्या राणीचीच कडी तुटली होती. भाचीचं लग्न जवळ आलं होतं, तेव्हा हार घालायचा होता. सलाउद्दीनने जुना डाख खरवडला, थोडी बाजूला नवी कडी बसवली, सगळा हार उजळला आणि परत दिला.

काही दिवसांनी हिलाल दुकानात आला. उंबऱ्यावर टेकला नाही. मागे त्याचा मुलगा चंदन उभा होता, शहाद्याला नोकरी करणारा, शर्ट खोचलेला.

"भाई," हिलाल म्हणाला, "हाई राणी आमनी नही शे."

सलाउद्दीनला आधी समजलंच नाही. त्याने हसून विचारलं, "कोनती राणी?"

हिलालने रुमालातून हार काढून त्याच्यासमोर ठेवला. "धनु म्हनस, हाई येगळीच दिखी ऱ्हायनी. पहिले अशी नव्हती."

"आप्पा, तुन्हीच शे ती. मी उजळी दिनी, कडी बदली दिनी. म्हनीसन येगळी दिखस."

"मंग फोनमा असं काबरं लिखेल शे?"

चंदनने फोन पुढे केला. फेसबुकवर जुन्या नाण्यांचा एक गट होता. देशभरचे हौशी लोक तिथे नाण्यांचे फोटो टाकायचे आणि जाणकार त्याखाली मत लिहायचे. जुन्या रुपयांना फार भाव येतो असं कुठेतरी ऐकून चंदनने राणीचा फोटो टाकला होता. त्याखाली हेमांगी नावाच्या कुणा बाईंचं उत्तर होतं. वाक्य नव्हतं, नुसती इंग्रजी अक्षरं. एआर, मग एफ, मग एक्स-एमटी.

"एफ म्हणजे फेक," चंदन म्हणाला. "एक्स म्हणजे एक्सचेंज. बदललेलं. चाचा, ही बाई नाण्यांची मोठी जाणकार आहे, गटात सगळे तिचं मानतात. तिला काय तुमच्याशी दुश्मनी आहे?"

सलाउद्दीनने हारातली राणी चिमटीत धरली. नखाने वाजवली, कसोटीवर घासली, डाव्या डोळ्यापाशी नेली. "चांदी आहे ही. अस्सल."

"चांदीची नकली नाणीही बनवतात. मी वाचलंय."

धातू त्याला कळायचा, अंधारातही कळला असता. पण छाप खरी की कुणी साच्यात ओतलेली, हे ओळखायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. कोण आणणार त्याच्याकडे खोटा रुपया डाख द्यायला?

त्याने राणी पुन्हा उलटीपालटी करून बघितली, आणि ती चलबिचल हिलालने पाहिली.

"इचार कर, भाई," एवढंच म्हणून हिलाल वळला. जाताना हार त्याने स्वतः उचलून खिशात घातला. इतक्या वर्षांत हिलालने त्याच्या दुकानातून वस्तू अशी उचलून नेली नव्हती. नेहमी सलाउद्दीन त्याच्या हातात द्यायचा.

दुकान तसंच उघडं टाकून सलाउद्दीन बसून राहिला. मग एकदम त्याला आठवलं. त्याच दिवसांत काठी गावच्या डोंगरसिंगचा हारही त्याच्याकडे होता. काठीची होळी जवळ आली की सातपुड्यातली माणसं अंगावरची चांदी नीट करून घ्यायला खाली यायची. डोंगरसिंगच्या बायकोच्या हारातही राणीछाप रुपये होते. दोन्ही हार त्याने सोडवले होते आणि दोन्हींतले रुपये एकाच परातीत, एकाच रिठ्याच्या पाण्यात टाकले होते. कोणता कुणाचा हे त्याला माहीत होतं. होतं ना? त्या वेळी तर वाटलं होतं, माहीत आहे.

त्याने दुकानातली सतरंजी झटकली, डबे उलटे केले, परातीखालची धूळ चाळली. तारेचे तुकडे निघाले, कानातल्याची एक फिरकी निघाली. राणी निघाली नाही.

दोन दिवसांत गोष्ट बोळभर झाली. चंदनने त्या अक्षरांचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकला आणि खाली लिहिलं, दागिना दुरुस्तीला देताना सावध राहा. त्यात सलाउद्दीनचं नाव होतं. पुढे पाठवणाऱ्यांनी त्या नावाला आपापल्या मनातलं जोडलं. कोणी लिहिलं, ह्या लोकांचं असंच असतं. ते शब्द फिरत फिरत सलाउद्दीनची मुलगी हुमा हिच्या कॉलेजच्या गटात पोचले. हुमाने घरी कुणाला दाखवले नाहीत, पण त्या दिवशी ती जेवली नाही आणि तिच्या आईला, खातूनला, कळायचं ते कळलं.

गिऱ्हाइकं येऊ लागली, पण आपल्या वस्तू परत न्यायला. "झालं नसलं तरी चालेल, द्या तसंच," म्हणत बाया हात पुढे करायच्या. एकीने पैंजणाचे घुंगरू त्याच्यासमोर मोजून घेतले. तो मान खाली घालून बसला होता, आणि त्याला ती मोजणी ऐकू येत होती.

"तुम्ही काही केलं नाही," खातून म्हणाली, "मग तोंड वर करून बसा."

"मला माहीत नाही मी केलं की नाही," तो म्हणाला.

खातूनने हातातलं काम थांबवलं. "म्हणजे?"

"डोळ्याला नीट दिसत नाही. दोन्ही हार एकत्र होते. डोंगरसिंगच्या हारात एखादा नकली रुपया असेल, तो हिलालच्या हारात गेला असेल. हिलालची राणी तिकडे गेली असेल." हे बोलताना त्याचा आवाज बारीक होत गेला. "हिलाल खोटं बोलणार नाही गं. कधीच बोलला नाही."

झोप उडाली. पुन्हा पुन्हा त्याला ती परात दिसायची, गढूळ पाणी दिसायचं आणि पाण्यात शिरणारा स्वतःचा हात. तो हात कधी एक रुपया उचलायचा, कधी दुसरा. जितक्या वेळा आठवावं तितक्या वेळा वेगळं. शेवटी एका सकाळी तो अक्कलकुव्याच्या एसटीत बसला. तिथून मोलगीची जीप, आणि पुढे काठीपर्यंत मिळेल त्या गाडीने. घाटात पळस पेटला होता, मोहाखाली पोरीबाळी टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. त्याचं लक्ष नव्हतं. तो मनात वाक्यं जुळवत होता, मोडत होता.

डोंगरसिंग अंगणात होळीच्या तयारीला लागला होता. पिसांचा टोप दुरुस्त करत होता. सलाउद्दीनला दारात पाहून त्याने खाट ओढली, पाणी आणवलं. सलाउद्दीन पाणी न पिताच बोलू लागला, आणि बोलता बोलता रडू लागला. घरातली माणसं बाहेर येऊन उभी राहिली.

डोंगरसिंगने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे आमच्या हारात खोटं नाणं होतं, असं म्हणतोस?"

"तसं नाही, पण..."

"तसंच आहे. माझ्या आजीच्या गळ्यातला हार आहे तो." तो चिडला नव्हता. दुखावला होता, आणि ते सलाउद्दीनला जास्त लागलं. डोंगरसिंग आत गेला, बायकोचा हार घेऊन आला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "बघ. तुझा कोणता?"

सलाउद्दीनने एकेक राणी उन्हात धरली. सगळ्या झिजलेल्या, सगळ्यांच्या माथ्याला डाख. एकीच्या काठावरची खूण त्याला ओळखीची वाटली. वाटली की त्याला हवी होती म्हणून वाटली? तो तिच्याकडे बघत राहिला. ही नसेल तर मग कोणतीच नाही, आणि कोणतीच नसेल तर आपण काय तोंड घेऊन कोरीटला जायचं?

"ही," तो म्हणाला.

"ती आमची आहे," डोंगरसिंग म्हणाला. "लहान होतो तेव्हापासून बघतोय." मग त्याने कडी उकलून ती राणी हारातून सोडवली. "पण तू इतक्या लांब असा आलास, आता मी काय नाणं धरून बसू? ने. त्याचं सापडलं की आमचं आणून दे."

त्याच्या बायकोने हार हातात घेतला. मध्ये रिकामी जागा पडली होती. हार पोलक्यात घालून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सलाउद्दीन कोरीटला गेला. हिलालच्या ओट्यावर शेजारची माणसं बसली होती. धनुबाई दारात होती, मागे चंदनची बायको ममता. सलाउद्दीनने खिशातून डोंगरसिंगची राणी काढली आणि हिलालच्या हातात ठेवली.

"हाई ले तुन्ही राणी," तो म्हणाला. "मन्हाकडथून चूक व्हयनी, आप्पा. दोन हार एकजागे व्हतात. बदलाई गयी."

ओट्यावर कुणीतरी "बघा!" म्हणालं. चंदनने फोन उभा धरला होता. "चाचा, पुन्हा एकदा बोला, नीट ऐकू आलं नाही."

सलाउद्दीनने पुन्हा सांगितलं. फोनकडे बघून सांगितलं.

हिलालने ती राणी मुठीत धरली. त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं, कारण आवाज मऊ झाला होता. "पहिलेच सांगी देता, भाई, ते इतलं कसाले व्हतं?"

तिथेच बसून सलाउद्दीनने ती राणी हारात अडकवून दिली. आधीची, खोटी ठरलेली, चंदनने पुरावा म्हणून कपाटात ठेवली. कुणी चहा पाजला. तो त्याने प्यायला. घरी आल्यावर खातूनने विचारलं, "खरंच बदलली होती का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, आणि कबूल करून आलात?" खातून ओरडली. तिचा आवाज बोळापर्यंत गेला असेल. "चोरी केली नाही, तिची कबुली देऊन आलात? उद्या पोरीला कोण विचारेल? लोकांना काय सांगू मी, माझ्या नवऱ्याला वाटलं म्हणून तो चोर झाला?"

"मी चोरी नाही म्हटलं, चूक म्हटलं."

"लोक चूक ऐकतात का चोरी?"

लोकांनी चोरीच ऐकली. संध्याकाळपर्यंत सलाउद्दीनचा चेहरा गावोगाव पोचला, फोनकडे बघून 'मन्हाकडथून चूक व्हयनी' म्हणणारा. शहादा, तळोदा, प्रकाशा, जिथे जिथे त्याने डाख दिला होता तिथे तिथे. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला तो गेला तर शटरवर कुणी खडूने काहीतरी लिहिलं होतं. त्याने ते ओल्या फडक्याने पुसलं आणि शटर वर न करताच परत आला.

त्या दिवशी हुमाने तो गट उघडला. नाण्यांबद्दल तिला काही शिकायचं नव्हतं. तिला त्या हेमांगी बाईंना दोन शब्द सुनवायचे होते. अब्बा शेजारी भिंतीकडे तोंड करून पडले होते. राणीच्या फोटोखाली तिने लिहिलं, तुम्ही एका अक्षरात 'फेक' लिहून मोकळ्या झालात, इकडे माझे वडील गावभर चोर ठरलेत. तुम्हाला ठाऊक तरी आहे का, तुमच्या अक्षराने कुणाचं काय होतं? लिहिलं, पाठवलं आणि फोन उपडा ठेवला.

उत्तर लगेच आलं. हुमाने ते वाचलं. परत वाचलं. मग ती उठून बसली आणि म्हणाली, "अब्बा."

"काय?"

"अब्बा, ऐका. ह्या बाई म्हणतात, मी फेक कधी लिहिलं?"

सलाउद्दीनने मान वळवली.

हुमा वाचू लागली. तिचा आवाज अडखळत होता. बाईंनी लिहिलं होतं की नाणी जमवणारे नाण्याची स्थिती अक्षरांत लिहितात, जागा वाचावी म्हणून. जी म्हणजे गुड, आणि गंमत अशी की गुड म्हणजे जवळजवळ पुसून गेलेलं. त्याच्या वर व्हीजी, व्हेरी गुड. त्याच्या वर एफ, म्हणजे फाइन. झिजलेलं, पण छाप ओळखू येणारं. मग व्हीएफ, व्हेरी फाइन. मग एक्सएफ, आणखी चांगलं. कधीच वापरलं गेलं नाही असं असेल तर यूएनसी. एआर म्हणजे चांदी, लॅटिन नावावरून. एक्स-एमटी म्हणजे एक्स-माउंट, एके काळी दागिन्यात बसवलेलं, जुन्या डाखाची खूण दिसते. ह्या फोटोत नव्या कडीशेजारी जुना डाख खरवडल्याची खूण स्पष्ट आहे. म्हणजे हे नाणं फार वर्षं कुणाच्या तरी हारात होतं. ते अस्सल आहे. नकली असतं तर मी तसं सरळ लिहिलं असतं. मला कुणी विचारलंच नाही.

हुमा थांबली. खातून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं.

"जुना डाख मी त्या एकाच राणीचा खरवडला होता. म्हणजे ती हिलालचीच होती," सलाउद्दीन म्हणाला.

"हो, अब्बा."

"मी बदलली नव्हती."

"नाही."

हुमाला वाटलं, आता अब्बा हसतील, निदान रडतील. पण त्यांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि ते पुढे-मागे हलू लागले, दात दुखणाऱ्या माणसासारखे. "डोंगरसिंगने सांगितलं होतं. आमची आहे म्हणाला होता. मी त्याच्या बायकोच्या गळ्यातून काढून आणली. आणि तिकडे जाऊन हो म्हणालो. मीच म्हणालो. कुणी माझा गळा धरला नव्हता." तेवढंच पुन्हा पुन्हा. खातून पिठाच्या हातांनीच त्याच्या शेजारी जाऊन बसली.

हुमाने तो सगळा मजकूर चंदनला पाठवला. चंदनकडून उत्तर आलं नाही. मग तिने ममताला पाठवला. ममताने वाचला आणि सासऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

हिलाल त्याच दुपारी आला, मोटारसायकलवर एकटा. दुकान बंद पाहून घरी आला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली डोंगरसिंगची राणी होती. पक्कड घेऊन हारातून त्याने ती स्वतःच काढली होती, कडी वाकडी झाली होती. ओट्यावर उभा राहून तो बराच वेळ चप्पल काढत राहिला.

"भाई," तो म्हणाला. मग एकदम चिडल्यासारखा बोलला, "तू हो काबरं म्हना? करेल नही, ते हो काबरं म्हना?"

"तू म्हना म्हनीसन," सलाउद्दीन म्हणाला. "इतला वरीसमा तू माले कधी खोटं नही बोलना. माले वाटनं, मन्हा डोयाच खोटा शेत."

हिलाल खाली बसला. सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. पोराने फोन दाखवला आणि आपण फोनला विचारलं, भाईला नाही विचारलं, असं काहीसं तो पुटपुटत होता, पण सलाउद्दीन तिकडे लक्ष देत नव्हता. तो कागद उलगडून ती वाकडी कडी निरखत होता. "होळी कधी शे?" त्याने विचारलं. होळी दुसऱ्याच दिवशी होती.

पहाटेच्या गाडीने तो काठीला निघाला. हिलाल म्हणाला, मी येतो सोबत. सलाउद्दीन नको म्हणाला. फुंकणी, चिमटा, थोडा डाख आणि टाकणखार पिशवीत घेऊन तो डोंगरसिंगच्या अंगणात पोचला, तेव्हा लोक नाचाला निघायच्या बेतात होते. डोंगरसिंगच्या कमरेला मोठाले दुधी भोपळे बांधले जात होते, अंगावर राखेचे ठिपके. सलाउद्दीनने राणी पुढे धरली आणि सांगितलं, तुझीच होती. खोटं काही नव्हतं. कुठेच नव्हतं.

"मी सांगितलं होतं," डोंगरसिंग म्हणाला. त्याने आणखी काही सुनावलं नाही, आणि थांब, जेव, असंही म्हटलं नाही. बायकोने हार आणून दिला. सलाउद्दीनने चुलीतल्या निखाऱ्यावर काम केलं. ज्योत दोनदा भलतीकडे गेली. तिसऱ्यांदा कडी बसली. बाईने हार गळ्यात घातला, हाताने मधली राणी सारखी केली आणि ती इतर बायांबरोबर निघून गेली. ढोल सुरू झाले. सलाउद्दीन उताराने जीपच्या दिशेने चालू लागला, समोरून माणसांचे लोंढे वर येत होते.

कोरीटमध्ये हिलालने पारावर उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं की चूक आमची, भाईची नाही. चंदनला त्याने तो व्हिडिओ काढून टाकायला लावला आणि गटात खुलासा लिहायला लावला. चंदनने लिहिलं, खाली मान घालून लिहिलं. पण पहिला मेसेज जितक्या हातांनी पुढे गेला होता तितके हात ह्या मेसेजला लाभले नाहीत. व्हिडिओ तर केव्हाच भलत्या फोनांत जाऊन बसला होता. "आधी कबूल केलं, मग पलटला," असंही काही लोक म्हणू लागले. "काहीतरी देऊन मिटवलं असेल." हुमा प्रत्येकाला तीच अक्षरं समजावून सांगत राहिली. एफ म्हणजे फाइन. एआर म्हणजे चांदी. ऐकणारे मान डोलवायचे. काहींना खरंच पटायचं. तिच्या वर्गातल्या एका मुलीने मात्र विचारलं, "ते ठीक आहे गं, पण मग तुझे वडील हो का म्हणाले?" हुमाने वही मिटली आणि ती वर्गाबाहेर गेली.

सलाउद्दीन दुकान उघडून बसायचा. उघडायचं म्हणून उघडायचा. काचेच्या दुकानांतून पूर्वी येणारं किरकोळ कामही थांबलं होतं. शहराबाहेरच्या मिरची वाळवायच्या मोकळ्या पथाऱ्यांवरून तिखट खकाणा वाऱ्याबरोबर बोळात यायचा, तो खोकायचा आणि हत्यारं पुसून पुन्हा जागच्या जागी ठेवायचा.

चैत्रातल्या एका दुपारी धनुबाई आली. ती कधी स्वतः दुकानात आली नव्हती, चांदी नेहमी हिलालबरोबर यायची. बोळातल्या सगळ्या दुकानांसमोरून ती डोक्यावर पदर घेऊन, मान ताठ ठेवून चालत आली. सलाउद्दीन धडपडत उठला.

तिने पिशवीतून हार काढला. मधली जागा रिकामी होती. मग लुगड्याच्या गाठीतून ती राणी काढली, कपाटात पुरावा म्हणून ठेवलेली. दोन्ही तिने त्याच्यासमोरच्या पाटावर ठेवलं.

"हाई परत बसाडी दे, भाई," ती म्हणाली. "मी बजारमा जाई येस. सांजले ली जासू."

ती राणीकडे पुन्हा न बघताच वळली, बोळात दोन पावलं गेलीही. शेजारचा शिंपी काम थांबवून बघत होता. तिने सगळ्यांना दिसेल असं हे केलं होतं, आणि मुद्दाम केलं होतं, हे सलाउद्दीनला कळलं. त्याने पाटावरचा हार बघितला, राणी बघितली, कोपऱ्यातली परात बघितली.

"भाभी," त्याने हाक मारली. "भाभी, जाऊ नका. आठेच बसा. मन्हा समोर."

धनुबाई वळली. "मी कसाले बसू? तू कर ना. मन्हा तुन्हावर भरोसा शे."

"तुम्हना शे, भाभी," सलाउद्दीन म्हणाला. "मन्हा मन्हावर ऱ्हायना नही."

धनुबाई परत आली, पदर सावरून उंबऱ्यावर बसली आणि त्याच्या हातांकडे बघू लागली. सलाउद्दीनने दिवा पेटवला, राणी चिमट्यात धरली आणि फुंकणी तोंडाला लावली.